सांध्यावरचा शेंदूर

बोटाला लाल लागलं तेव्हा यशोधराला आधी वाटलं, आपल्यालाच कुठंतरी लागलंय. तिनं हात उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला. रक्त नव्हतं. तेलकट होतं, आणि नाकाशी नेल्यावर शेंदूर आणि गोडं तेल यांचा तो जुना, जड वास आला. लहानपणी बेगडेवाडीला शाळेच्या वाटेवरचा मारुती ओलांडताना यायचा तसा. समोर सेगमेंट उभा होता. आंबी गावाच्या माळावर, सकाळच्या उन्हात, पूर्वेला तोंड करून, खोलीएवढा काँक्रीटचा तुकडा. आणि त्याच्या गुळगुळीत तोंडावर, अगदी मधोमध, भाकरीएवढा शेंदराचा टिळा. खाली उदबत्तीची राख, नारळाची एक वाटी, झेंडूच्या पाकळ्या. रागाच्या आधी तिच्या मनात कौतुकच येऊन गेलं, की एवढ्या मोठ्या यार्डात एवढी जागा पडलेली असताना लावणाऱ्यानं नेमकी कुठली निवडली.

पुण्यात मेट्रोचा पूल खांबाखांबांवरून पुढं सरकतोय, त्याचे तुकडे इथं ओततात. ओतायची पद्धत अशी, की प्रत्येक सेगमेंट आधीच्या सेगमेंटला टेकवून ओतायचा. जुन्याचं तोंड हाच नव्याचा साचा. त्यामुळं एकाचे उंचवटे दुसऱ्याच्या खाचांत असे बसतात की मधून कागद जाऊ नये, आणि दुसऱ्या कुठल्या सेगमेंटशी मात्र तो जन्मात जुळत नाही. ओतताना मध्ये साबणाचा आणि मेणाचा पातळ हात मारतात, नाहीतर दोघं एकमेकांना असे धरून बसतील की क्रेनलाही सुटायचे नाहीत. नोकरीवर नवीन असताना हे तिला एका साहेबांनी इंग्रजीत बराच वेळ समजावलं होतं. तिला मात्र वलवणच्या घरात सासूबाईंबरोबर काढलेली सुरुवातीची वर्षं आठवली, आणि साहेबांचं पहिलं वाक्य संपायच्या आत सगळं कळलं. एकमेकींच्या खाचा ओळखून बसायचं, पण साबणाचा थर ठेवायचा. ती आणि सासूबाई अजून व्यवस्थित आहेत.

पुलावर चढवताना मात्र उलटं. तिथं साबणमेण धुऊन, तोंडाला इपॉक्सी नावाचा डिंक लावून दोघांना कायमचं चिकटवतात. आणि डिंकाला तेल चालत नाही. तेल मुरलेल्या जागी तो धरत नाही. मग सांध्यातून पाणी आत शिरतं, आतल्या पोलादी दोरांना गंज लागतो, आणि ते कळायच्या आत वरून कितीतरी गाड्या गेलेल्या असतात. म्हणून सेगमेंट ट्रेलरवर चढायच्या आधी त्याचं तोंड तपासून यशोधरानं सही करायची असते. हा सेगमेंट आज दुपारी चढायचा होता.

काल खंडेनवमी. यार्डात हत्यारांची पूजा झाली. निलेशनं क्रेनला हार घातला, फिटरांनी पाने-पकडी ओळीनं मांडून त्यांना गंध लावलं, ऑफिसातल्या पोरांनी लॅपटॉपवर हळदकुंकू वाहिलं आणि कीबोर्डात पडलेलं कुंकू फुंकत बसले. यशोधरा हे दरवर्षी पाहते. लांबून नाही, फार जवळूनही नाही, पेढा हातात पडेल इतक्या अंतरावरून. पेढा घेते. हात जोडत नाही. याची यार्डात सगळ्यांनी नोंद घेतलीय आणि कुणी बोलत नाही. कुणी बोलत नाही याची नोंद तिनं घेतलीय. दोन्ही बाजूंनी जुळलेला हिशेब आहे. जुळलेल्या हिशेबात कुणी नव्यानं बोट घालू नये, आणि नेमकं तिचंच बोट आता लाल झालं होतं.

टिळा कुणाचा हे विचारायची गरज नव्हती. तेलात शेंदूर कालवून लावायचा तो आंबीत म्हसोबाला, आणि रतनबाईच्या शेतातला म्हसोबा यार्डासाठी जमीन सपाट केली तेव्हा उचलून फाटकापाशी निंबाखाली बसवलेला आहे. माळाचा बराच तुकडा रतनबाईच्या घरचा, भाड्यानं दिलेला. म्हणजे जमिनीची मालकीण तीच, आणि त्याच जमिनीवर नवं काँक्रीट ओलं ठेवायला पाइप घेऊन फिरणारी बाईही तीच, आणि तिला यात काही विचित्र वाटत नाही. "आदी भुईमुगाला पानी द्यायची, आता ह्याला देती," ती म्हणते. "भुईमूग वाऱ्यानं हलायचा तरी. ह्यो लय गंभीर गडी." ती यशोधराला यशोदा म्हणते. पहिल्या आठवड्यात यशोधरानं एकदा नाव नीट सांगून पाहिलं. रतनबाईनं लक्ष देऊन ऐकलं, मान हलवली आणि पुन्हा यशोदा म्हणाली. यशोधरानं तो आकडा सोडून दिला. पाण्याचा प्रश्न त्या दोघींत कधी आलाच नाही. रतनबाई यशोधराच्या बाटलीतून सर्रास पाणी पिते आणि झाकण न लावता परत देते, आणि यशोधराचा खरा राग आहे तो झाकणावर. डब्यातलं सुकट दोघींचं. आंबीतल्या लग्नांना यशोधराला पत्रिका येते, आणि पंगतीत रतनबाई शेजारची जागा धरून ठेवते. हे सगळं जमेला होतं. देव हा एक रकाना मात्र दोघींनी कोराच ठेवला होता, अगदी समजून उमजून.

तिनं सोपं ते आधी करून पाहिलं. साहेबांना फोन लावला. साहेब शहरात कुठल्यातरी चौकात अडकले होते, मागून हॉर्न ऐकू येत होते. "घासून टाक ना," ते म्हणाले. "कुणालाही सांग." त्यांना सगळीच कामं कुणालाही सांगण्यासारखी वाटतात. मग तिनं सत्यमला बोलावलं. सत्यम बिहारचा, सेगमेंट धुणाऱ्या टोळीतला, एरवी सांगायच्या आधी धावणारा. त्यानं टिळा पाहिला, कानाला हात लावला. "मॅडम, ये हमसे नहीं होगा. भगवान हैं." आणि मग तिला मदत व्हावी म्हणून, अगदी मनापासून, "आप ही कर दीजिए न. आप लोग तो..." इथं तो थांबला, आणि ब्रश खाली ठेवून निघून गेला. वाक्य त्यानं अर्ध्यावर सोडलं ते सभ्यपणानं. उरलेलं अर्धं यशोधराला तोंडपाठ होतं.

क्रेनच्या केबिनमधून निलेश हे बघत होता. निलेश रतनबाईचा पुतण्या. "ऱ्हाऊ द्या की मॅडम, तेवढीच मेट्रोला देवाची साथ," तो वरून म्हणाला. तो चांगला मुलगा आहे, आणि चांगली मुलं अशीच बोलतात. यशोधरा हसली. हसताना तिनं संध्याकाळचा आंबीतला पार डोळ्यांपुढं आणून पाहिला. कोण आधी बोलेल, कोण दुजोरा देईल, कोण नुसतं 'जाऊ द्या' म्हणून जास्त बोलेल. पुसला. कुणी? त्या मॅडमनी. हां, मग बरोबर आहे. एवढंच. भांडण नाही, कुणी अंगावर येणार नाही. मोठ्यानं कुणी बोलणारसुद्धा नाही. फक्त 'यशोदा' जाईल आणि 'त्या मॅडम' राहतील, पंगतीत शेजारची जागा चुकून भरलेली असेल, आणि हे सगळं इतक्या मऊपणानं होईल की तक्रार करायलाही कुठं कोपरा सापडायचा नाही. आणि न पुसता सही केली तर? कुणाला कधी कळलं नसतं. हे तिला सगळ्यात जास्त टोचलं, की ती सही इतकी सोपी होती.

ती सेगमेंटच्या सावलीत टेकली. काँक्रीट पाठीला थंड लागलं. वलवणची ती सुरुवातीची वर्षं संपल्यावर ती आणि तिचा नवरा प्रितम काही काळ शहरात भाड्याच्या खोलीत राहत होती. तेव्हा चौकात बस अडकली की दिवसाचा रंग बदलेपर्यंत अडकायची. बसमधली माणसं हळूहळू एकमेकांच्या आजारपणांपर्यंत पोचायची. तशाच एका बसमधून तिनं मेट्रोचा पहिला खांब पाहिला होता, डोक्यातून सळया बाहेर आलेला, झोपेतून उठून तसाच रस्त्यात येऊन उभा राहिल्यासारखा. सगळी बस त्याला शिव्या देत होती. गर्दी कमी करायला आलेल्यानं आधी रस्ताच अडवला होता, आणि पाहुणा घर आवरायला येऊन सगळं सामान अंगणात काढून ठेवतो तसं शहर वर्षानुवर्षं अंगणात बसलं होतं. यशोधरा त्या दिवशी याच नोकरीच्या मुलाखतीला निघाली होती. उशीर झाला. कारण सांगितल्यावर समोरचे गृहस्थ हसले आणि म्हणाले, "मग आमच्याकडेच या, म्हणजे लवकर संपेल." संपलं नाही, पण झालं बरंच. आता ती दोघं परत वलवणला घरी आली आहेत. प्रितम लोकलनं शहरात उतरतो, पुढं मेट्रोनं जातो, आणि संध्याकाळी उजेड असताना परत येतो. उजेडातला नवरा ही गोष्ट तिला अजून नवी वाटते. दोघं धरणाच्या बाजूला चालत जातात आणि फारसं बोलत नाहीत. त्याचा डबा ज्या पुलावरून धावतो, त्यातले सांधे आपल्या सहीचे आहेत, हे तिनं त्याला एकदा सांगितलं होतं. तो म्हणाला होता, "म्हणून मी दरवाज्याला टेकून उभा राहतो बिनघोर."

आज तिनं पांढरा ड्रेस घातला होता, वर यार्डाचं चट्ट्यापट्ट्यांचं जाकीट. दसरा, त्यांच्या घरी अशोक विजयादशमी. दुपारनंतर सुटी, मग माहेरी बेगडेवाडीला, बाबांबरोबर विहारात. बाबा, म्हणजे बाजीराव, सकाळपासून इस्त्रीचे कपडे घालून ओट्यावर बसलेले असणार. आणि बाबांच्या पलीकडं, नेहमीसारखी, भामाबाई उभी राहिली. आजी जाऊन खूप वर्षं झाली, पण दसऱ्याला ती येतेच. छप्पन साली नागपूरची बातमी मावळात पोचली तेव्हा ती नवी नवरी होती. वस्तीनं ठरवलं, देव घरात ठेवायचे नाहीत. आजोबांनी देव्हाऱ्यातले चांदीचे टाक फडक्यात बांधले आणि दोघं इंद्रायणीवर गेले. आजोबा फडकं उपडं करणार, तेवढ्यात भामाबाईनं त्यांचा हात धरला. एकेक टाक हातात घेतला, पदरानं पुसला, "लय केलंत, आता जावा," म्हणाली आणि पाण्यात सोडला. आजोबांना ते मुळीच आवडलं नव्हतं. दीक्षा घेतली आणि ही टाकांशी बोलतीय! "अवो, आल्यापासनं मीच धुतल्यात, मीच पुसल्यात," भामाबाई म्हणाली होती. "जायाला सांगताना बोलाय काय जातंय?" घरी येऊन तिनं रिकामा देव्हारा घासून काढला आणि त्यात मिठाची बरणी ठेवली. ही गोष्ट सांगताना ती रडत नसे, अभिमानही दाखवत नसे. घर बदलताना चूल कशी हलवली ते सांगावं तसं सांगायची.

पाइप फरफटत येत असल्याचा आवाज आला. रतनबाई आली, डोक्यावर हेल्मेट आणि हेल्मेटवर पदर.

"मावशी, हा टिळा तुमचा ना?"

"माजा न्हाईतर कुणाचा? समद्यांनी आपापलं पुजलं. म्या रबरी पाइप काय पुजू? म्हनलं, ह्यो बिचारा शहरात चाललाय, ह्याचं तरी कुनी बघावं." ती मागं सरून टिळ्याकडं बघू लागली. "का गं? वाकडा झालाय?"

"वाकडा नाही. पण तो काढावा लागेल."

रतनबाईनं पाइप खाली टाकला. पाणी दोघींच्या बुटांभोवती पसरायला लागलं.

"तुमाला खुपतो व्हय, म्याडम?"

सकाळपासून तयार केलेली तीन वाक्यं यशोधराच्या डोक्यातून निघून गेली. उरला तो 'म्याडम'. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. ज्याला ती भीत होती ते आंबीच्या पारावर व्हायचं होतं. ते इथंच, उन्हात, समोरासमोर होऊन गेलं, आणि आश्चर्य म्हणजे त्यानंतरही क्रेन चालूच होती.

"मला नाही, मावशी," ती म्हणाली. "डिंकाला खुपतो."

"कुटल्या डिंकाला?"

"ह्याच्या तोंडाला डिंक लावून दुसरा सेगमेंट चिकटवतात. तेल असलं की डिंक धरत नाही."

"म्हंजी डिंकाला बी सोवळंओवळं असतंय व्हय?"

"असतं. तुमच्याआमच्यापेक्षा कडक."

रतनबाईच्या ओठांची एक कड हलली, पण ती इतक्यात हसणार नव्हती. "म्या का लावला ते तरी इचार. आमचा पोरगा सुरज रोज त्या पुलावनं कामाला जातोय. ह्यो पडाया नगं, सुटाया नगं, म्हून लावला."

"आणि सुटू नये म्हणूनच मी काढायला सांगतेय. माझाही माणूस त्यावरूनच जातो."

दोघींनी सेगमेंटकडं पाहिलं. तो आपल्या जागी होता, दोघींच्या माणसांचं ओझं घ्यायला तयार असल्यासारखा, किंवा कशाचीच पर्वा नसल्यासारखा. काँक्रीटच्या चेहऱ्यावरून सांगता येत नाही.

"खरं हाय तुजं," रतनबाई म्हणाली. म्याडम गेली होती, पण यशोदा अजून आली नव्हती. "पर देव आसा पुसत न्हाईत, पोरी. उठवाय लागतो."

"मग आज दसराच आहे की. घट उठले ना तुमच्या घरचे?"

रतनबाईनं तिच्याकडं नीट वळून पाहिलं. "तुला बरं ठावं!"

"पिढ्यान्‌पिढ्या तुमच्या शेजारी काढल्यात मावशी. तुमचे देव कधी बसतात नि कधी उठतात, एवढं तर माहीत असणारच."

"सकाळीच उठलं घट." रतनबाई विचारात पडली. आज सगळेच उठतात, मग यालाच बसवून ठेवायचं कारण काय, असा काहीतरी न्याय तिच्या मनात लागत असावा. मग आवाज एकदम खाली आला. "पर म्या एकली न्हाई उठवायची. गावात म्हनत्याल, रतनीनं देव पुसला. आमच्या जावा तर टपूनच हाईत."

यशोधराला हसू आवरेना. म्हणजे आंबीचा पार हिलाही दिसत होता. त्याच पारावरची तीच माणसं, तोच दुजोरा, तेच 'जाऊ द्या'. सकाळपासून जी भीती आपल्या एकटीच्या नावावर मांडून ती बसली होती, तिची निम्मी मालकी रतनबाईची निघाली.

तिनं कँटीनमधून पातेलंभर गरम पाणी आणि धुण्याचा सोडा मागवला. ग्राइंडर लावायचा नव्हता; तोंड घासून झिजलं तर जोडीदाराशी बसायचं नाही. सोडा, गरम पाणी, नायलॉनचा ब्रश, आणि सबुरी. रतनबाईनं चपला काढाव्यात तसे बूट काढले. सुरक्षेचा नियम मोडला होता. यशोधरानं तेवढ्यापुरतं आकाशाकडं पाहिलं. रतनबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला, सेगमेंटच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "चला देवा. बसलात, आमाला बरं वाटलं. आता ह्याला कामाला जायाचंय, तुमी हितं निंबाखाली जावा आपल्या जागंवर." मग मागं न बघता, "वत पानी."

यशोधरा क्षणभर थांबली. ती पूजा करत नाही. ते तिनं ठरवलेलं नव्हतं, तिच्या जन्माच्या आधी ठरलेलं होतं, आणि तिला ते पटलेलं होतं. पण हे काय होतं? तिच्या बाजूनं पाहिलं तर सेगमेंटची सफाई, रतनबाईच्या बाजूनं पाहिलं तर देवाला निरोप, आणि पाणी एकाच पातेल्यातलं. इंद्रायणीच्या काठावर आजोबा रागावून उभे होते आणि भामाबाई एकेक टाक पुसत होती. यशोधरानं पातेलं उचललं आणि ओतलं. शेंदराचा ओघळ काँक्रीटवरून खाली उतरला, केशरी, मग फिका, मग नुसताच गढूळ.

"आगं नीट वत की! माज्या पदराव काय वततीस?"

"तुम्ही ब्रशसमोरून हात काढा ना."

"हात काढला तर घासू कशानं? आलीया मोठी. आनि त्या पांढऱ्या कापडाव उडंल, हिकडनं ये. हिकडनं! बाजीराव काय म्हनंल, पोरगी कुटनं रंग खेळून आली म्हून."

यशोधरा दुसऱ्या बाजूला गेली. इतकं बेफिकीर बोलणं तिला आज कुणी ऐकवलं नव्हतं, आणि ते अंगावर घेताना तिला उन्हात बसल्यासारखं बरं वाटत होतं.

लाल गेलं तरी तेल होतं. ते बघायची रीत सोपी: स्वच्छ पाणी शिंपडायचं. यशोधरानं बोटांनी शिंतोडे मारले. थेंब टिळ्याच्या जागी उभे राहिले, अळवाच्या पानावर राहतात तसे गोल, चकचकीत, आत यायला तयार नसलेले. "आजून हाय," रतनबाई स्वतःच म्हणाली. पुन्हा सोडा, पुन्हा ब्रश. सत्यम लांबून बघत होता. थोड्या वेळानं तो गरम पाण्याचं दुसरं पातेलं घेऊन आला, दोघींच्या मध्ये ठेवलं आणि परत जाऊन उभा राहिला. पुन्हा शिंतोडे. या वेळी थेंब कडेनं पसरले आणि मधले तेवढे अडून बसले. रतनबाईनं कंबर धरली, काँक्रीटला एक ठेवणीतली शिवी दिली, आणि लगेच देव अजून जवळपास असेल म्हणून जीभ चावली. तिसऱ्यांदा यशोधरानं ब्रश घेतला आणि रतनबाईनं पाणी ओतलं. मग दोघी वाकून बघत राहिल्या. थेंब पडले, चपटे झाले आणि आत गेले. त्या जागी ओला काळा डाग पसरत गेला, आजूबाजूच्या काँक्रीटसारखाच, मधला कुठला आणि बाजूचा कुठला ते कळू नये असा.

"पेला पानी," रतनबाई म्हणाली.

"पेला," यशोधरा म्हणाली.

डोक्यावर क्रेनचा हात फिरला. ट्रेलर फाटकातून आत येत होता, आणि दसऱ्याची अर्धी सुटी म्हणून सगळं यार्ड आवराआवर करता करता इकडंच बघत होतं. निलेशनं केबिनमधून डोकं बाहेर काढलं. त्याला हळू बोलता येत नाही.

"ओ काकी! देव कुनी पुसला?"

फिटरांचे हात थांबले. यशोधरानं ब्रश खाली ठेवला. तोंड उघडायला लागली, कारण सही तिची होती आणि उत्तरही तिचंच असायला हवं होतं. पण रतनबाई बुटात पाय घालता घालता आधीच वळली होती.

"पुसतंय कोन? दसऱ्याचा उठला त्यो. म्या सांगितलं, यशोदेनं पानी घातलं. तू तुजी क्रेन बघ!"

निलेशनं मान आत घेतली. हे वाक्य संध्याकाळपर्यंत आंबीभर होईल, त्यात चार माणसं आपापलं मीठ घालतील, रतनबाईच्या जावा दोन्ही बाजूंनी उलटून बघतील. बघू देत. दोघींची नावं त्यात शेजारी शेजारी होती आणि आता ती कुणाला सुटी करता येणार नव्हती. यशोधरानं सेगमेंटच्या तोंडावरून एकदा कोरडा तळहात फिरवला, निलेशकडं बघून अंगठा वर केला. दोर ताणले, सेगमेंट जमिनीवरून सुटला, जरासा डोलला, आणि खाली उभी असलेली रतनबाई जीव खाऊन ओरडली, "हळू रं मुडद्या! आत्ताच धुतलाय त्याला आमी!"